तापाची सुई

दिवाळीला पुण्याहून पाहुणे आले की त्यांना बारव दाखवायला न्यायचं, असा वालूरच्या आमच्या घरात आता नेमच पडला आहे. परभणीच्या सेलू तालुक्यातलं हे गाव एरवी कुणाच्या फारसं ध्यानात नसतं. पण गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची ही बारव गावकऱ्यांनी गाळ-कचरा उपसून मोकळी केली आणि लोक ती बघायला येऊ लागले. एका दिवाळीत त्या पायऱ्यांवर आमच्या घरातल्या दोन जावा टेकल्या होत्या. दोघींच्या मांडीवर पाचेक महिन्यांची लेकरं. धाकटी पुण्याची, थोरली इथलीच. बोलता बोलता गोष्ट लसीवर आली.

धाकटी म्हणाली, "आमच्या डॉक्टरांनी न दुखणारी दिली. महाग आहे, पण ताप नाही, रडणं नाही. रात्री शांत झोपला."

थोरली जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमची दवाखान्यातली. तिन्ही खेपेला लेकरू रातभर फणफणलं. मांडीवर ही एवढी गाठ. फुकटाचं ते तसलंच असणार की, जाऊबाई."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून जाईना. त्यात एक आई स्वतःला दोष देत होती, सरकारवर संशय घेत होती आणि पैशाला शहाणपण बहाल करत होती. तिन्ही गोष्टी एका दमात. म्हणून ते वाक्य नीट तपासून पाहायचं ठरवलं. फुकटची, ताप आणणारी सुई खरोखरच हलकी आहे का?

आधी त्या दोन बाटल्यांत काय असतं ते पाहू. घटसर्प, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या जंतूचा न्यूमोनिया व मेंदूज्वर, यांच्याविरुद्धचे भाग दोन्हीकडे जवळपास सारखेच. भांडण आहे ते डांग्या खोकल्याच्या भागावरून. सरकारी पेंटाव्हॅलेंट लसीत डांग्याचा आख्खा जंतू असतो, मारून निष्प्रभ केलेला. डॉक्टर तिला 'होल सेल' म्हणतात. महागड्या लसीत त्या जंतूचे वेचून, शुद्ध करून घेतलेले एक ते पाच तुकडे असतात. ती 'एसेल्युलर'. आख्ख्या जंतूच्या अंगावर त्याचं कवचही असतं आणि त्या कवचातलं एंडोटॉक्सिन बाळाच्या शरीराला खडबडून जागं करतं. ताप येतो तो त्यामुळे. गाठ येते ती बरीचशी त्यामुळेच. वेचीव तुकड्यांच्या लसीत हे कवच नसतं, म्हणून रात्र शांत जाते. म्हणजे तापाचं कारण फुकटेपणात नाही, बनावटीत आहे. थोरलीने एकदा हेही लक्षात घ्यावं, की दवाखान्यातली ती बाटली बऱ्याचदा पुण्यातच, हडपसरच्या कारखान्यात भरलेली असते आणि पुण्याच्या जावेने विकत घेतलेली बहुतेकदा युरोपातून आलेली असते.

पण कारण कळल्याने ताप उतरत नाही. प्रश्न सुरक्षिततेचा आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. आख्ख्या जंतूच्या लसीनंतर काय काय होतं याची सगळ्यात नेटकी मोजदाद १९८१ मध्ये अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. पंधरा हजारांहून अधिक डोसांनंतर काय झालं ते त्यांनी नोंदवलं. जवळपास निम्म्या बाळांना ताप आला, निम्म्यांची टोचलेली जागा दुखली. शंभरात तीन बाळं तासन्‌तास रडत राहिली. साडेसतराशे डोसांमागे एकाला झटका आला. तितक्याच डोसांमागे एक बाळ अचानक पांढरं पडलं, मरगळलं, हाकेला ओ देईना. या बाळांना कायमची इजा झाल्याचं दिसलं नाही. तरी आपल्या मांडीवर असं घडलं तर काय होईल याची कल्पना करा. एसेल्युलर लसीनंतर हे सगळं पुष्कळ कमी घडतं. याबद्दल शास्त्रज्ञांत वाद नाही. टोचल्यानंतरच्या दोन दिवसांपुरतं पाहिलं तर पुण्याची सुई जास्त सौम्य आहे, हे सरळ मान्य करावं.

आता दुसरं पारडं. ते वालूरमध्ये आज दिसत नाही आणि सगळी अडचण तिथेच आहे. डांग्या खोकला पाहिलेली माणसं घरोघरी उरली नाहीत. माझ्या आजीने पाहिला होता. साध्या सर्दीसारखा सुरू होतो. आठ-पंधरा दिवसांनी उबळ येऊ लागते. एका श्वासात दहा-पंधरा वेळा खोकला, मधे श्वास घ्यायला फटच नाही. तोंड लाल होतं, मग निळं. डोळे बाहेर येतात, जिभेचं टोक बाहेर लोंबतं. शेवटी घशातून लांब, ओढलेला आवाज काढत हवा आत येते आणि त्यापाठोपाठ पोटातलं सगळं बाहेर पडतं. दिवसातून वीसदा, तीसदा. खोकला दोन-तीन महिने राहतो. चिनी-जपानी लोक त्याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात ते उगाच नाही. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला तर तो ओढलेला आवाजही काढता येत नाही, ते नुसतं श्वास घ्यायचं थांबतं. मराठवाड्यात अजूनही गाढवीण घेऊन फिरणारे लोक गल्लीत आरोळी देतात आणि आया लेकराच्या खोकल्यासाठी चमचाभर दूध चढ्या भावाने घेतात. त्या चमच्याने डांग्या बरा होत नाही. पण चमचाभर दुधाला लोक एवढे पैसे का मोजत आले, त्यात त्या खोकल्याची भीती किती मुरली होती, हे समजतं.

ही भीती कशी गेली? १९०६ मध्ये बेल्जियमच्या जूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह झांगू यांनी डांग्याचा जंतू वेगळा वाढवून दाखवला. लस मात्र नीट बसायला पुढची तीस वर्षं लागली. १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेच्या ग्रँड रॅपिड्स शहरात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी सरकारी प्रयोगशाळेतली दिवसाची नोकरी संपवून संध्याकाळी गरीब वस्त्यांतल्या घरी जात. खोकणाऱ्या लेकराच्या तोंडासमोर ताटली धरत, त्यावर उडालेल्या थेंबांतून जंतू वाढवत आणि घर कधी रोगमुक्त झालं ते ठरवत. त्याच जंतूंपासून त्यांनी आख्ख्या जंतूची भरवशाची लस बनवली आणि टोचलेली व न टोचलेली मुलं शेजारी शेजारी ठेवून तिचा गुण मोजला. आजही या लसीच्या प्रत्येक घाण्याची ताकद उंदरांवर तपासतात, त्या चाचणीला केंड्रिकचंच नाव आहे. भारतात १९७८ पासून आणि पुढे १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातून ही लस खेड्यापाड्यांत पोचली. १९८७ मध्ये देशात डांग्याच्या सुमारे १ लाख ६३ हजार रुग्णांची नोंद होती, २०११ पर्यंत ती ३९ हजारांच्या आसपास आली. नोंदी अपुऱ्या असतात, पण उतार कुणालाही दिसावा इतका आहे.

रोग नजरेआड झाला की लसीचा ताप नजरेत भरतो. १९७४ मध्ये लंडनच्या मुलांच्या प्रसिद्ध इस्पितळातल्या डॉक्टरांनी ३६ मुलांची हकिकत छापली. डांग्याची लस मिळाल्यानंतर त्यांना मेंदूचे विकार झाल्याचं त्यांचं म्हणणं होतं. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने विषय उचलला. ब्रिटनमध्ये ऐंशी टक्क्यांच्या घरात असलेलं लसीकरण तीस टक्क्यांवर आलं. १९७७ ते १९७९ च्या साथीत एक लाखाहून जास्त मुलांना डांग्या झाला आणि निदान ३६ दगावली. दोन्ही आकडे ३६ असावेत हा योगायोग, पण कडवट.

जपानने तेच दुसऱ्या वाटेने भोगलं. १९७४-७५ च्या हिवाळ्यात लसीनंतर दोन बाळं दगावली. सरकारने लस थांबवली, मग दोन वर्षांवरच्या मुलांनाच देऊ लागलं. १९७४ मध्ये देशभरात डांग्याचे चारशेच्या आत रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. १९७९ मध्ये तेरा हजार रुग्ण आणि ४१ मृत्यू झाले. स्वीडनने तर १९७९ ते १९९६ अशी सतरा वर्षं ही लस दिलीच नाही आणि त्या काळात डांग्या तिथल्या मुलांमध्ये पुन्हा नेहमीचा आजार होऊन बसला.

मग मेंदूच्या इजेचं काय झालं? १९८८ मध्ये लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती स्टुअर्ट-स्मिथ यांच्यासमोर महिनोन्‌महिने साक्षीपुरावे झाले आणि लसीमुळे कायमची मेंदूची इजा होते हे सिद्ध झालेलं नाही, असा निकाल लागला. न्यायालयाचा निकाल म्हणजे विज्ञान नव्हे, म्हणून पुढची गोष्ट महत्त्वाची. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सॅम्युअल बर्कोव्हिक यांनी लसीमुळे मेंदू बिघडला असं मानलेल्या १४ रुग्णांची जनुकं तपासली. त्यांतल्या ११ जणांत झटक्यांच्या एका गंभीर आजाराचा दोष जन्मजात सापडला. तापाने पहिला झटका आला, तो लसीनंतरच्या तापातही आला असेल, पण आजार सुईतून आलेला नव्हता. त्या अकरा आयांनी किती वर्षं स्वतःला दोष दिला असेल! लसीवरच्या अफवेची ही किंमत कुठल्याच तक्त्यात धरत नाहीत.

तरीही जपानने जे केलं त्याला मी हिणवणार नाही. लोकांचा विश्वास उडाल्यावर त्यांना नुसतं 'घाबरू नका' म्हणणं निरुपयोगी होतं. युजी सातो आणि हिरोको सातो यांनी जंतूचे मोजके तुकडे शुद्ध करून लस बनवली, १९८१ मध्ये ती जपानच्या कार्यक्रमात आली आणि आया परत आल्या. १९९० च्या दशकात स्वीडन आणि इटलीत मोठ्या चाचण्या झाल्या आणि एसेल्युलर लस चांगलं संरक्षण देते असं दिसलं. त्याच चाचण्यांत एका अमेरिकी बनावटीच्या आख्ख्या जंतूच्या लसीचा गुण पन्नास टक्क्यांच्याही खाली आला. म्हणजे आख्ख्या जंतूची म्हणून प्रत्येक लस चांगलीच, असंही नाही. कुणाच्या कारखान्यात, कोणत्या काळजीने बनली यावर सगळं ठरतं. १९९७ पर्यंत अमेरिका बाळांसाठी पूर्णपणे नव्या लसीवर गेली. सौम्य लस मिळाली, वाद मिटला, असं सगळ्यांना वाटलं.

वाद मिटला नव्हता. तो दहा-बारा वर्षं पुढे गेला होता, इतकंच. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात नऊ हजारांवर रुग्ण झाले आणि दहा तान्ही बाळं दगावली. २०१२ मध्ये सगळ्या अमेरिकेत ४८ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, १९५५ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. गंमत अशी, की यांतली कित्येक मुलं पाचही डोस घेतलेली, आठ-दहा वर्षांची होती. कॅलिफोर्नियातच झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पाचव्या डोसानंतर दर वर्षाला डांग्या होण्याची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी वाढत जाते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तर दोन्ही लसींची मुलं एकाच पिढीत होती. ज्यांची पहिली सुई आख्ख्या जंतूची होती, त्यांना पुढे डांग्या कमी झाला. बबून माकडांवरच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट कळली: एसेल्युलर लस घेतलेलं माकड आजारी पडत नाही, पण जंतू घशात बाळगतं आणि दुसऱ्याला देऊ शकतं.

हे का होतं ते गावच्या भाषेत सांगता येईल. पूर्वी जागल्याला चोर ओळखायला सांगताना कुणी आख्खा चोरच दाखवला, तर त्याची चाल, आवाज, पाठ, सगळं जागल्याच्या डोक्यात बसे. कुणी फक्त मिशा आणि फेटा दाखवला, तर तेवढंच लक्षात राही. मग चोराने मिशा काढल्या की पंचाईत. डांग्याच्या जंतूने हेच केलं. एसेल्युलर लस देणाऱ्या देशांत लसीतला 'पर्टॅक्टिन' हा तुकडाच अंगावर नसलेले जंतू पसरू लागले. शिवाय आख्खा जंतू पाहिलेलं शरीर वेगळ्या पद्धतीने, अधिक खोलवर तयार होतं. ज्या रात्रीच्या तापाची आपण तक्रार करतो, तो ताप आणणारं कवचही त्या तालमीचा एक भाग असतं.

'कोणती लस जास्त सुरक्षित' या प्रश्नातच म्हणून एक लबाडी लपलेली आहे. कधीपर्यंत सुरक्षित? टोचल्यानंतर दोन दिवस मोजले तर पुणे जिंकतं. सहा-आठ वर्षं मोजली तर निकाल फिरतो. कुणाला सुरक्षित? फक्त ज्याला टोचली त्याला, की त्याच्या घरी उद्या जन्मणाऱ्या, अजून एकही सुई न घेतलेल्या बहिणीला? डांग्या हा अतिशय सांसर्गिक आजार आहे. एकच रुग्ण बारा-पंधरा जणांना तो देऊ शकतो. लसीतून आलेलं संरक्षण लेकरापुरतं थांबत नाही, ते पाळण्यापर्यंत पोचतं किंवा पोचत नाही. तापाच्या रात्रीचा हिशेब आई ठेवते. पाळण्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही, कारण न झालेला खोकला दिसत नाही.

आता हे गणित वालूरच्या पाटीवर मांडू. दिवाळी सरली की या भागातून कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. दीड-दोन वर्षांचं लेकरूही कोपीत असतं. नेमका तोच काळ डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या आणि धनुर्वाताच्या लसीच्या) पहिल्या बूस्टरचा, सोळा ते चोवीस महिन्यांचा. आशाताई घरी येते तेव्हा घराला कुलूप. लसीचं कार्ड बैलगाडीच्या सामानात कुठेतरी. पाच-सहा वर्षांच्या बूस्टरपर्यंत तर लेकरू कुठल्या शाळेत असेल तेही नक्की नसतं. एसेल्युलर लस घेऊन निर्धास्त राहायचं तर बूस्टर वेळच्या वेळी हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नेमकं हेच सांगितलं: आख्ख्या जंतूची लस देणाऱ्या देशांनी तीच चालू ठेवावी, आणि वारंवार बूस्टर किंवा गरोदरपणातल्या लसीची खात्री असेल तरच बदलाचा विचार करावा. त्याआधी २०१३ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही पहिल्या तीन डोसांसाठी आख्ख्या जंतूच्या लसीलाच पसंती दिली होती. ज्या घराचा पत्ता वर्षातून दोनदा बदलतो, त्या घरासाठी चुकलेला डोस पोटात घालू शकणारी लस हीच जास्त सुरक्षित.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. गरिबाच्या वाट्याचं जाडंभरडं शास्त्राच्या नावाने गोड करून वाढायचं, हा आपल्याकडचा जुना खेळ आहे. रेशनच्या लाल गव्हापासून ते जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत ही सोय आपण पाहिली. लसीतही तेच नाही कशावरून? प्रामाणिक उत्तर द्यायचं तर सरकारने ही लस निवडली त्यात किमतीचा वाटा मोठा होता. वर्षाला अडीच कोटींहून जास्त बाळांना हजारोंच्या किमतीची सुई परवडली नसती. पण स्वस्त आहे म्हणून चूक, हे अनुमानही तितकंच आळशी. इथे किंमत आणि शहाणपण योगायोगाने एकाच बाजूला उभी आहेत. आक्षेपातलं खरं दुसरीकडे आहे. पुण्याच्या आईला डॉक्टर दोन्ही लसी समजावून सांगतो, निदान तसं अपेक्षित तरी असतं. वालूरच्या आईला सांगितलं जात नाही. तिची लस कमी प्रतीची नाही, तिला मिळालेली माहिती कमी प्रतीची आहे.

म्हणून खरी सुरक्षितता बाटलीत शोधण्याआधी बाटलीभोवती शोधावी. ही लस उन्हापेक्षा गारठ्याला जास्त भिते. गोठली की तिच्यातली ॲल्युमिनियमची साय गुठळ्या धरते आणि ताकद जाते. बाटलीवरचा रंग बदलणारा छोटा चौकोन उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. म्हणून बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढून लगेच डब्यात भरायच्या नसतात. त्या बाहेर ठेवायच्या, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरायच्या. मे महिन्यात परभणीचा पारा त्रेचाळीसवर असताना, उपकेंद्रापर्यंतचा रस्ता समोर दिसत असताना, बर्फ वितळू देण्यासाठी थांबणं ही सोपी गोष्ट नाही. हात उलट आणखी बर्फ भरायला धावतो. शंका आली तर बाटली हलवून पाहायची, गाळ झरझर खाली बसला तर फेकून द्यायची. ही अर्ध्या तासाची सबुरी कुठल्याही जाहिरातीत नसते, पण लेकराची लस तिच्यावर उभी असते.

हाताळणीतली चूक लसीच्या नावावर कशी चढते, याचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालमध्ये प्लेगच्या लसीनंतर १९ माणसं धनुर्वाताने दगावली. लस मुंबईच्या प्रयोगशाळेतली, बनवणारा वाल्देमार हाफकिन. त्याच्यावर ठपका आला, नोकरीवरून बाजूला व्हावं लागलं. दगावलेले सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते आणि दोष बाटली उघडतानाच्या हलगर्जीचा होता, हे मान्य होऊन १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. परळची संस्था आज त्याच्या नावाने ओळखली जाते. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, तेव्हाही पोलिओची लस निर्दोषच होती. लोक मात्र बाटली आणि हात यांत फरक करत नाहीत. त्यांनी तो का करावा? लेकरू त्यांचं असतं.

या सगळ्यातून एकच निष्कर्ष निघतो, असं मला वाटतं. ताप आणणारी लस वापरायची असेल तर ताप लपवायचा नाही. लस टोचणाऱ्या सिस्टरने आईला चार गोष्टी सांगायच्या असतात, असा सरकारचाच नियम आहे: कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुन्हा कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवा. गर्दीच्या दिवशी यांतली तिसरी आणि चौथी तेवढी सांगून होते. दुसरी सर्वांत महत्त्वाची, पण तीच गिळली जाते, कारण सिस्टरला भीती वाटते: ताप येईल म्हटलं तर आई परत येणार नाही. अनुभव उलटा आहे. न सांगता ताप आला की आईला फसवल्यासारखं वाटतं. सांगून आला तर तो ठरल्याप्रमाणे आलेला पाहुणा असतो. ब्रिटन आणि जपानमध्येही लोक तापाला घाबरले त्यापेक्षा जास्त, आपल्यापासून काही लपवलं गेलं या शंकेला घाबरले असावेत. 'लस पूर्णपणे सुरक्षित आहे' हे पोस्टरवरचं वाक्य म्हणूनच मला खटकतं. ते खोटं ठरायला एक रात्र पुरते. 'रात्री ताप येईल, दोन दिवसांत उतरेल, झटका आला किंवा लेकरू मरगळलं तर या नंबरवर फोन करा, आम्ही उचलू' हे वाक्य लांब आहे, पण टिकतं. पुढे आम्ही उचलूही, ही त्याची अट.

आणि एसेल्युलर लसीचं वालूरमध्ये काहीच काम नाही का? आहे, आणि इथे दोन्ही जावांचं भांडण संपतं. डांग्याने दगावणारी बाळं बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतली असतात, पहिल्या सुईच्या आधीची किंवा नुकती पहिली घेतलेली. त्यांना वाचवायचं तर आईच्या रक्तातून, गरोदरपणातच संरक्षण पोचवावं लागतं. मोठ्या माणसाला आख्ख्या जंतूची लस सोसत नाही. तिथे तुकड्यांची सौम्य लसच हवी. ब्रिटनने २०१२ मध्ये गरोदर बायांना ती द्यायला सुरुवात केली आणि तान्ह्या बाळांमधला डांग्या सुमारे नव्वद टक्क्यांनी टळतो असं दिसलं. बाळाच्या स्वतःच्या लसीचा जोर त्यामुळे किंचित कमी होतो हे खरं, पण पहिल्या महिन्यांतला जीव वाचणं त्याहून मोठं. आपल्या सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला धनुर्वात आणि घटसर्पाची लस मिळते, डांग्याची नाही. मोठ्या शहरांतल्या खाजगी दवाखान्यांत ती विकत मिळते. म्हणजे महागडी लस वालूरला हवीच आहे, फक्त लेकराच्या मांडीत नको, आईच्या दंडात हवी. मागायचंच तर सरकारकडे हे मागावं. पुण्याची सुई आमच्या लेकराला द्या, असं मागू नये.

थोरलीला मी बारवेवर यातलं काहीच सांगू शकलो नाही. सणाच्या दिवशी कोण ऐकणार? नंतर एका संध्याकाळी घरी बसून सांगितलं. तिने आकडे ऐकले नाहीत. एवढंच विचारलं, "मग ताप येणं चांगलं की वाईट?" मी म्हणालो, "त्रासाचं आहे, पण वाईट नाही." ती म्हणाली, "एवढंच सिस्टरनं तवाच सांगितलं असतं तर?"

लेकरू सतरा महिन्यांचं झाल्यावर बूस्टरला ती गेली, तेव्हा मी सोबत होतो. सिस्टरने डाव्या मांडीत सुई दिली आणि कार्डावर तारीख टाकली. ती काही बोलायच्या आत थोरलीच म्हणाली, "आज रात्री तापणार ना?" सिस्टर जरा चपापली, मग हसून म्हणाली, "हो, तापेल." थोरलीने पिशवीतून तापाच्या औषधाची बाटली काढून दाखवली आणि किती द्यायचं ते विचारून घेतलं. मग दोघी बाकावर टेकून अर्धा तास बोलत बसल्या, तेवढं थांबायचं असतं म्हणून.